पऱ्हाटी बांधावर, कर्ब हवेत

जळगावच्या बाजारात थंडीच्या दिवसांत ‘मेहरूणची बोरं’ म्हणून हातगाडीवर जी विकली जातात, त्यांतली खरोखर मेहरूण शिवारातली किती, हे विचारण्यात आता फारसा अर्थ नाही. शहर वाढले, शिवारात प्लॉट पडले आणि बोरींच्या बागा आक्रसत गेल्या. फळबागांच्या पुस्तकांत मात्र उमराण, कडाका यांच्या रांगेत ‘मेहरूण’ हे वाणाचे नाव अजून टिकून आहे. या झाडाला पाण्याच्या पाळ्या लागत नाहीत, खताचे फारसे लाड लागत नाहीत, बुंध्याशी नांगर चालत नाही. उन्हाळ्यात छाटणी, पावसाळ्यात नवी फूट, हिवाळ्यात फळ. सोटमूळ खोल गेलेले, पाला जागेवरच गळून कुजणारा. ‘रिजनरेटिव्ह’ म्हणजे मातीला पुन्हा उभी करणाऱ्या शेतीवर आज जी व्याख्याने होतात, त्यांतल्या निम्म्या अटी ही बोर कुणाला न विचारता पाळत आली. मेहरूणच्या बागा मोडल्या त्या जमिनीच्या भावापायी. मातीची चर्चा करताना हे विसरून चालत नाही, कारण शेतकरी मातीशी कसा वागतो हे बहुतेक वेळा मातीबाहेरच ठरते.

सेंद्रिय, नैसर्गिक, विषमुक्त, झिरो बजेट, पुनरुज्जीवी अशी नावे बदलत राहिली. अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी 1980 च्या दशकात ‘रिजनरेटिव्ह’ हा शब्द रुळवला, तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते की रसायने वगळणे पुरेसे नाही, जमीन दरसाल सुधारली पाहिजे. ही कसोटी मला मान्य आहे. म्हणून या लेखात शेत कोणत्या पंथाचे हे पाहण्यापेक्षा मातीत काय जाते आणि काय राहते, एवढेच पाहायचे आहे.

खान्देशची काळी माती बेसाल्ट खडकाची लेक. चिकणमातीचे प्रमाण भरपूर, चुनखडी बरीच, सामू आठाच्या आसपास. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते आणि जमीन स्वतःच स्वतःला थोडी उलटीपालटी करते. तापीकाठी गाळाचा थर खोल. धुळ्याकडे, साक्री-शिंदखेड्याच्या माळावर तो वीतभरावर येतो आणि खाली मुरूम लागतो. पाणी धरण्यात या काळ्या मातीचा हात धरणारी दुसरी माती नाही. तिची अडचण सेंद्रिय कर्बाची आहे, आणि त्याचे एक कारण हवामान. मे महिन्यात 45 अंशांवर तापणाऱ्या उघड्या जमिनीत काडीकचरा कुजतो, पण ह्यूमस म्हणून फार थोडा मागे राहतो. बाकीचा कर्बवायू होऊन उडून जातो.

आता हिशेब करू. एक हेक्टर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर साधारण 20 लाख किलो भरतो. त्यातला कर्ब 0.4 टक्क्यांवरून 0.5 वर न्यायचा, म्हणजे फक्त एक दशांश टक्का वाढवायचा, तर जमिनीत 2,000 किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. घातलेल्या कर्बाचा सातवा भाग टिकतो असे उदारपणे धरले आणि वाळलेल्या काडीत 42 टक्के कर्ब मानला, तर हेक्टरी 33 टनांच्या आसपास काडीकचरा मातीत जायला हवा. कोरडवाहू कपाशीचा एक हेक्टर वर्षाला दोन-तीन टन पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली काडी, देतो. ती सगळीच्या सगळी जमिनीला दिली तरी एक दशांश टक्क्याला अकरा ते सोळा वर्षे लागतील, तेही आधीचा कर्ब घटत नसेल तर. म्हणून तीन वर्षांत कर्ब 0.4 वरून 1 वर गेल्याची यशोगाथा वाचली की आधी नमुना किती इंचांवरून काढला हे विचारावे. वरच्या दोन इंचांत, शेणखत नुकतेच पडलेल्या जागी, काहीही आकडा येऊ शकतो.

यात निराश होण्यासारखे काही नाही. कर्बाचा आकडा सावकाश हलतो; मातीची घडण त्याच्या बऱ्याच आधी सुधारते, आणि ती बघायला प्रयोगशाळा लागत नाही. शेताच्या मधले एक वाळलेले ढेकूळ घ्यावे, बांधावर गवताच्या मुळाशी असलेले दुसरे घ्यावे, आणि दोन काचेच्या पेल्यांत पाण्यात अलगद सोडावीत. शेतातले ढेकूळ बहुधा काही मिनिटांत विरघळून गढूळ चिखल होते. बांधावरचे बराच वेळ आकार धरून राहते, पाणी वर जवळजवळ नितळ. माती तीच, पाऊस तोच. फरक आहे तो मुळांचा, आणि त्या मुळांभोवती बुरशी-जिवाणूंनी तयार केलेल्या डिंकासारख्या द्रव्याचा. जे ढेकूळ पाण्यात टिकते त्या जमिनीत जूनचा पहिला पाऊस मुरतो. जे विरघळते त्या जमिनीवर पापुद्रा धरतो आणि पाणी नाल्याला लागते.

पऱ्हाटीचा विषय आजचा नाही. सातपुडा ओलांडून इंदूरला गेले की तिथे 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कापूस संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेत याच कचऱ्यावर काम केले. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेलेले कंपोस्ट ते हेच. त्यावरचे 1931 चे मूळ पुस्तक हॉवर्ड यांच्या एकट्याचे नाही, मुखपृष्ठावर यशवंत वाड हे दुसरे नाव आहे. आपल्याकडच्या सेंद्रिय शेतीच्या भाषणांत हॉवर्ड येतात, वाड येत नाहीत. पऱ्हाटी आणि तुराट्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्यावर त्यांची युक्ती साधी होती: शेतातल्या गाडीवाटेवर त्या अंथरायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरायच्या, मग गोठ्यात जनावरांखाली पसरायच्या, आणि गोमूत्र मुरलेली माती, शेण, राख यांच्यासह ढीग रचून तीन महिन्यांत खत करायचे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी 10 बाय 6 बाय 3 फुटांचे जाळीदार विटांचे टाके बांधून कमी शेणात जास्त कचरा कुजवायची ‘नाडेप’ पद्धत दिली. दोन्ही पद्धती चालतात. दोन्ही मागे पडल्या, कारण त्यांना माणसाचे हात लागतात, आणि सालदार ठेवणे आज खान्देशातल्या फार थोड्या घरांना परवडते.

बैल गेले, तसे शेण गेले. पूर्वी उन्हाळ्यात ठेलारी मेंढपाळ शेतात मेंढ्या बसवत, रात्रीगणिक वाडा पुढे सरके, आणि लेंड्या-मुतासह जमीन तयार होई. अजून ते येतात, पण ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या शेतात कळप कोण घालू देणार?

शेण कमी पडते याचे एक उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी दिले. ते लोकप्रिय झाले, त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. एकरी 200 लिटर जीवामृत: 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती. यातले नत्र मोजले तर सगळे मिळून 200 ग्रॅमच्या आसपास भरते. पाळेकरांचे अनुयायी म्हणतात, हे खत नाहीच, विरजण आहे. ठीक. पण विरजण लावायला आधी दूध लागते. ज्या शेतात आच्छादन आहे, द्विदल आंतरपीक आहे, धसकटे मुरत आहेत, तिथे जीवामृताने कुजण्याला वेग येत असेल; ज्या शेतातून पऱ्हाटी, कडबा, पाला सगळे उचलून नेले तिथे पाणी फवारल्यासारखेच. पाळेकरांच्या सांगण्यातही आच्छादन आणि आंतरपीक होतेच. शेतकऱ्यांनी त्यातला जीवामृताचा ड्रम तेवढा उचलला.

हे 200 ग्रॅम लक्षात ठेवून तापीकाठच्या केळीकडे वळू. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत एका केळीच्या झाडालाच वर्षाला 200 ग्रॅम नत्र आणि 200 ग्रॅम पालाश आहे. पाच बाय पाच फुटांवर हेक्टरी 4,444 झाडे बसतात. म्हणजे जवळपास 890 किलो नत्र. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर 45 किलोच्या 43 गोण्या. झाडामागे 10 किलो शेणखत ही शिफारसही जुनीच, त्याचे होतात हेक्टरी 44 टन. एका जनावराचे वर्षाचे शेण कुजून दीड-दोन टन खत उरते असे धरले, तर एका हेक्टर केळीमागे पंचवीसेक जनावरे हवीत. रावेर-यावलमध्ये ती नाहीत आणि त्यांना पोसायला चाराही नाही. त्यामुळे ‘सगळी केळी सेंद्रिय करा’ हा सल्ला एखाद-दुसऱ्या हौशी बागेपुरता खरा. पट्ट्यापुरता तो अंकगणितात बसत नाही. भूजलाच्या अहवालांत हे दोन्ही तालुके अतिउपशाच्या यादीत आहेत, हे त्यावर आणखी.

पण केळी मातीला एक गोष्ट देऊ शकते, जी कपाशी देऊ शकत नाही. घड उतरवल्यावर जो खांब उभा राहतो त्याचे ओले वजन हेक्टरी साठ-सत्तर टनांपर्यंत जाते. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, हे खरे. तरी झाडाने शोषलेल्या पालाशचा मोठा वाटा या खांबात आणि पानांत असतो, आणि पालाश विकत घेऊनच आणावे लागते. बऱ्याच बागांत मृगबाग निघाली की खांब तोडून बांधावर, नाल्यात नाहीतर रस्त्याच्या कडेला टाकतात. तिथे तो कुजतो, आणि शेतकरी दुकानातून पोटॅशची गोणी आणतो. नवसारी कृषी विद्यापीठाने खांबाच्या रसापासून द्रवरूप खत तयार करून दाखवले, त्याला बरीच वर्षे झाली. इतके न करता नुसते खांबाचे तुकडे करून दोन ओळींच्या मधे टाकले, वरून शेणस्लरी सोडली, तरी पिलबागेला, म्हणजे पिलांवर धरलेल्या पुढच्या बागेला, त्याचा उपयोग होतो आणि ठिबकची ओल टिकते. अट एकच: मर रोगाचे किंवा विषाणूने हरण्या पडलेल्या झाडांचे अवशेष यात घ्यायचे नाहीत, ते उपटून नष्ट करायचे. जळगाव जिल्ह्यात मातीसाठी आज सर्वात स्वस्तात होण्यासारखे काम कोणते म्हणाल, तर माझ्या मते हेच.

सेंद्रिय विरुद्ध रासायनिक या वादाला आपल्याजवळ एक चांगला प्रयोग आहे आणि तो आपल्या मासिकांत क्वचितच येतो. सातपुड्याच्या पलीकडे निमाडात, खरगोन जिल्ह्यातल्या कसरावदजवळ, 2007 पासून एका स्विस संशोधन संस्थेने स्थानिक संस्थेबरोबर कपाशी-सोयाबीन-गव्हाची फेरपालट चार पद्धतींनी शेजारी-शेजारी चालवली आहे: बायोडायनॅमिक, सेंद्रिय, रासायनिक आणि बीटीसह रासायनिक. माती काळीच, हवामान जवळपास आपलेच. पहिल्या चार वर्षांचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या फेरीत, म्हणजे 2007-08 मध्ये, सेंद्रिय कपाशी 29 टक्के मागे पडली आणि गहू 27 टक्के. दुसऱ्या फेरीत, 2009-10 मध्ये, दोन्हींचे उत्पादन बरोबरीत आले. मात्र हे बारकाईने वाचावे: सेंद्रिय वर चढले म्हणून बरोबरी झाली असे नाही, रासायनिक खाली आले म्हणून झाली. सेंद्रिय सोयाबीन थोड्याच फरकाने मागे, पहिल्या फेरीत एक टक्का आणि दुसरीत 11 टक्के कमी. नफ्याचे चित्र आणखी बोलके आहे. पहिल्या फेरीत रासायनिक पद्धतीचा ढोबळ नफा 29 टक्क्यांनी जास्त होता. दुसऱ्या फेरीत खर्च कमी असल्याने सेंद्रियचा 25 टक्क्यांनी जास्त.

यातून दोन्ही बाजूंना हवे ते उचलता येते आणि उचलले जातेही. मला त्यात दिसते ती पहिली दोन वर्षे. बँकेचे पीककर्ज डोक्यावर असलेल्या, चार-पाच एकरांच्या कुटुंबाने 29 टक्क्यांची ती खोट कुठून भरून काढायची? याचे उत्तर कोणत्याच अभियानाच्या पत्रकात मिळत नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि त्याच वर्षी ती मागे घेतली. तिथे सगळा देशच एकदम त्या पहिल्या वर्षात ढकलला गेला होता.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा खतांचा दीर्घकालीन प्रयोग 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू आहे. तिथे आणि देशातल्या अशा बहुतेक प्रयोगांत शिफारशीची रासायनिक खते अधिक शेणखत ही जोडीच उत्पादनात आणि कर्बात पुढे राहिली. खत दिलेल्या पद्धतींत नुसता नत्राचा मारा सर्वात वाईट ठरला. हे निष्कर्ष कोणत्याच मेळाव्यात टाळ्या घेत नाहीत. ना खतकंपनीला पूर्ण सोयीचे, ना सेंद्रियवाल्यांना. पण दाणेदार ज्वारी आणि जिवंत माती दोन्ही हवी असेल, तर आज तरी उत्तर इथेच आहे असे मला वाटते.

नांगरटीचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त महत्त्वाचा. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर गेली कित्येक वर्षे विनानांगरणी ऊस करून सांगत आहेत की जमीन सुपीक होते ती वरून आणून टाकलेल्या खतापेक्षा आतच कुजणाऱ्या मुळ्या-धसकटांनी. कर्जत-नेरळकडे चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा’ तंत्राने भातात तेच केले: गादीवाफे एकदाच, मग नांगर नाही, चिखलणी नाही, मागच्या पिकाची मुळे तशीच. खान्देशात याउलट चालते. कापूस निघाला की खोल नांगरट, उन्हाळाभर जमीन तापत उघडी, मग वखरणी, वर रोटाव्हेटर. रोटाव्हेटरने माती मैद्यासारखी होते, दिसायला देखणी, आणि पाच-सहा इंचांखाली कडक थर बसतो. पहिल्या मोठ्या सरीत पाणी त्यावर तुंबते. एप्रिल-मेमध्ये जमीन अशी उघडी ठेवणे थांबवले, तरी कर्ब उडण्याचा वेग कमी होईल. खर्चही वाचेल. उन्हाळी नांगरटीने किडींचे कोष उघडे पडतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर तोडगा म्हणजे दरवर्षी सरसकट न नांगरता गरज पडेल तेव्हाच नांगरणे.

आता कपाशीकडे येऊ. बीटी 2002 मध्ये आली, 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने पाय पसरले, आणि त्यानंतर डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका, फरदड (वेचणी संपलेल्या कपाशीला पाणी देऊन घेतलेले पुढचे पीक) घेऊ नका, हे दरवर्षी सांगितले जाते. फरदड मोडली की पऱ्हाटीचे करायचे काय? चुलीला पूर्वीइतकी लागत नाही. मग बांधावर ढीग, आणि होळीच्या आसपास काडी. ढिगात अळी राहते म्हणून जाळण्याचे समर्थनही होते. ट्रॅक्टरच्या श्रेडरने उभी पऱ्हाटी बारीक करून जमिनीवर पसरली, तर अळीला आडोसा उरत नाही आणि दोन-तीन टन काडी शेतातच राहते. एक खबरदारी: पऱ्हाटीत नत्र फार कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक पिवळे पडते. म्हणून चुऱ्यावर शेणस्लरी किंवा थोडा युरिया टाकावा. इथे युरिया नको म्हणून हट्ट धरणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

द्विदलांबद्दल खान्देशाला कुणी शिकवायला नको. ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकरी खाणारा हा प्रदेश. कपाशीत तुरीच्या ओळी, खरिपात मूग-उडीद, मग खोल जमिनीवर ओलीवर येणारी दादर ज्वारी. पैसा कपाशीत आणि केळीत गेला, तशी ही साखळी तुटली.

सरकारी बाजू थोडक्यात. मृद आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते, पण नमुना बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत 10 हेक्टरांच्या चौकटीला एक, त्यामुळे हातातल्या पत्रिकेवरचा कर्ब शेजाऱ्याच्या शेतातलाही असू शकतो. राज्याचे डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन आहे, केंद्राचे 2,481 कोटींचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाले. त्याच वेळी 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि डीएपीची 50 किलोची 1,350 ला. ही किंमतपाटी जोवर दुकानात लागलेली आहे, तोवर शेतकरी नत्रच जास्त टाकणार. अभियानाचे फलक कितीही लागोत. प्रमाणपत्रांचा बाजारही स्वच्छ नाही: जागतिक सेंद्रिय कापड मानकाच्या संस्थेनेच 2020 मध्ये भारतातल्या 20,000 टन कापसाची प्रमाणपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले. बीटी नसलेले चांगले सरळ वाण गावच्या दुकानात मिळत नाही, तोवर प्रामाणिक शेतकऱ्यालाही सेंद्रिय कापूस करणे अवघडच. खान्देशात जरीला, विरनार हे देशी वाण होते, हे आता जुन्या अहवालांत वाचावे लागते.

आणि एक अडचण राहते: नफ्याने, म्हणजे खंडाने, किंवा बटाईने केलेली जमीन. वर्षाच्या करारावर घेतलेल्या शेतात पऱ्हाटी कुटून कोण घालील? फायदा पुढच्या कसणाऱ्याला. याउलट सामूहिक राखणीचे एक उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात जंगल राखले, झरे परतले, भातशेती सुधारली. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. तिथे नियम गावाने केला आणि पाळलाही गावानेच. सपाटीवरच्या कापूसपट्ट्यात अशी बांधणी नाही, म्हणून तिथे करार आणि अनुदान यांनाच हात घालावा लागेल: जमीन किमान तीन वर्षांसाठी द्यायची, आणि जीवामृताच्या ड्रमांवर होणारा खर्च गावागणिक एका श्रेडरवर करायचा.

वाचणाऱ्यांत शेतकरी असतील तर त्यांना एक विनंती. यंदा कपाशी मोडली की एकच एकर निवडा, तिथली पऱ्हाटी जाळू नका, कुटून जागेवर पसरा, उन्हाळ्यात नांगर घालू नका. त्या एकराचा आणि शेजारच्या एकराचा मातीनमुना दरवर्षी मे महिन्यात, त्याच कोपऱ्यातून, नऊ इंच खोल व्ही आकाराच्या खड्ड्यातून काढा आणि त्याच प्रयोगशाळेत द्या. पाच वर्षांचे दोन्ही कागद एकत्र ठेवा. कोणाचे भाषण खरे होते ते त्यावर पाहता येईल.